भोरड्या बघायला गेले होते

अण्णा, मागच्या आठवड्यात मी भोरड्या बघायला गेले होते. हे ऐकून तुम्ही आधी कपाळावर हात मारला असता, मग आईला हाक मारून म्हणाला असता, हिच्या डोक्याला काय झालंय बघ गं. ज्या पाखरांना हाकलण्यात तुमचे सगळे हिवाळे गेले, ती पाखरं बघायला तुमची लेक परळीहून एसटीनं बीडला गेली, तिथून जीपमध्ये कोंबून पुढं गेली आणि दोन रात्री कापडी तंबूत झोपली. नवीकोरी चप्पल चिखलात गेली ती वेगळीच. तुमच्या जावयांना चला म्हटलं, तर म्हणाले, डास चावायला परळी काय कमी आहे का? ते घरी राहिले आणि दोन दिवस शेजाऱ्यांकडं जेवून सुखात होते, असं आल्यावर कळलं.

मला नेलं ते तुमच्या नातीनं. तुम्ही तिला पाहिलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. उंचीनं ती तुमच्यावर गेली आहे आणि हट्टानंही तुमच्यावरच. पाखरांचं शिकली. संभाजीनगरला बरी नोकरी होती, ती सोडली, आणि आता म्हणते मी लोकांना पाखरं दाखवणार. मी म्हटलं, बाई गं, पाखरं काय दाखवायची असतात का, मान वर केली की दिसतात. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्पच बसले. कपिलधारच्या बाजूला डोंगर उतरून आलं की एक जुना तलाव आहे. त्याचा फुगवटा, म्हणजे मागचा उथळ भाग, गाळानं भरून गेलाय, नुसती दलदल, त्यात पुरुषभर उंच पाणकणसांचं गवत माजलंय. आपल्या लेखी ती वाया गेलेली जमीन. आता तिथं उद्यानाची पाटी लागली आहे, कडेला चार बाकडी आहेत आणि टेकाडावर तंबू ठोकायला सपाट जागा करून ठेवली आहे. तिथं पोरीनं आपलं पहिलं शिबिर ठेवलं होतं. पुण्या-बीडकडची दहाबारा माणसं येणार होती. ही माणसं खूश होऊन गेली तर हिवाळाभर ती असली शिबिरं घेऊ शकणार होती, आणि नाही झाली तर परत कुणाच्या तरी कचेरीत जाऊन बसणार होती. हे तिनं मला एकदाच सांगितलं, चहा गाळता गाळता, माझ्याकडं न बघता. त्यामुळं मी गुडघे दुखत असूनही गेले.

तिनं लोकांना कबूल केलं होतं ते भोरड्यांचं. दिवसभर त्या रानोमाळ चरतात आणि दिवस बुडताना हजारोंनी गोळा होऊन त्या पाणकणसांत वस्तीला उतरतात. उतरण्याआधी आभाळात फिरतात, चादर झटकावी तशा एकदम वळतात, ते बघायला लोक परदेशात जातात म्हणे. आणि ह्या भोरड्या आपल्याकडं येतात त्यासुद्धा लांबच्या थंड देशातून. मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं त्या आपल्याच, कुठंतरी बालाघाटात राहत असतील आणि आपली ज्वारी भरली की उतरत असतील. एवढे डोंगर, एवढी वाळवंटं ओलांडून त्या शिरूर कासारच्या आपल्या चार बिघ्यांवर येत होत्या, आणि आपण त्यांना दगड मारत होतो. हे ऐकून तुम्ही म्हणाला असता, एवढ्या लांबून आल्या तर आमी काय ताटं मांडू?

माळ्यावरचे ते दिवस मला फार आठवतात. चार मेढींवर बांधलेला माळा, खाली डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, कणसं दुधात आलेली. तुम्ही पहाटेच जाऊन उभे राहायचात, आणि शाळेआधी मी भाकरी घेऊन यायची, की तुम्ही खाईपर्यंत राखण माझ्याकडं. तुम्ही मला अंबाडीच्या दोरीची छोटी गोफण वळून दिली होती, माझ्या हाताच्या मापाची. माझा दगड कधीच धड गेला नाही, एकदा तर मागं जाऊन आपल्याच पाण्याच्या घागरीवर बसला. तुम्ही म्हणालात, "चांगलं झालं, आता भोरड्या तहानेनं मरतील." गोफण जमली नाही पण हाळी जमली. ती काढायची रीत होती. आपल्या रानातून थवा उठवला की तो शेजाऱ्याच्या रानात पडणार, म्हणून उठवताना मोठ्यानं हाळी द्यायची, म्हणजे पुढचा सावध होतो. पुढच्यानं जबाब द्यायचा, म्हणजे आपल्याला कळतं की तो जागा आहे. मग त्याची हाळी त्याच्या पुढच्याला. अशी ती शिवारभर फिरायची. "हाळी आली आन् आपण गप ऱ्हायलो, म्हंजी आपल्याच अन्नात माती कालवली," असं तुम्ही सांगायचात.

एकदा सकाळी मी गप राहिले होते. थवा आला, आणि तो उतरण्याआधी आभाळात असा काही वळला की मी हाळी विसरून तोंड उघडं टाकून बघतच राहिले. तुम्ही हातातली भाकरी टाकून धावत आलात. "कावून गप हायेस गं? बघत काय बसलीस? बघायला आल्यात व्हय त्या? खायाला आल्यात!" आणि मग तुम्ही जी हाळी दिलीत, तिनं माझ्या पायाखालच्या मेढी हलल्या असं मला वाटलं. मी रडले होते. तुम्ही नंतर समजूत वगैरे काही काढली नाही, तुमच्यात ते नव्हतंच.

आता एक सांगते. हे तुमचे शब्द मला पाठ आहेत, पण तुमचा आवाज मला आठवत नाही. तुमचा एक फोटो आहे, फेट्यातला, त्यात तुम्ही फोटोवाल्यावर रागावल्यासारखे दिसता. हात आठवतात, चालणं आठवतं. आवाज मात्र कधी गेला कळलंच नाही. तुमचं बोलणं मनात आणायला जावं तर ते माझ्याच आवाजात ऐकू येतं. आणि माझा आवाज म्हणजे काय, जन्म गेला सरकारी दवाखान्यात, वॉर्डात नातेवाइकांना "हळू बोला, पेशंट झोपलेत" असं सांगण्यात. तुमच्यासारख्या दणदणीत माणसाचं बोलणं सिस्टरच्या कुजबुजीत ऐकायचं, याचं मला वाईट वाटायचं. रडावं इतकं नाही, पण वाईट वाटायचंच.

तर शुक्रवारी संध्याकाळी सगळे टेकाडावर बसले होते. पोरीनं बजावून ठेवलं होतं, बोलायचं नाही, उठायचं नाही, भडक कपडे नकोत. पुण्याचे एक रिटायर साहेब होते, त्यांच्याजवळ तोफेएवढा कॅमेरा. ते तर श्वाससुद्धा परवानगी घेऊन सोडत होते. मी त्यांच्या मागं सतरंजीवर. समोर दलदल, पलीकडच्या काठाला लागून ज्वारीचं रान, कणसं भरलेली. सूर्य डोंगराला टेकला आणि थवा आला. अण्णा, मी तो कितीतरी वर्षांनी बघत होते. आधी धुरासारखी रेघ, मग ती जवळ आली, फुगली, वळली. सगळे नुसते डोळे झाले होते. पोर माझ्याकडं वळून हसली. तेवढ्यात थव्याचं एक टोक खाली झुकलं. पाणकणसांकडं नाही, पलीकडच्या ज्वारीकडं.

मी कधी उभी राहिले मला माहीत नाही. "हाऽऽऽ होऽऽ हाऽऽऽ रं हाऽऽऽ!" टेकाडावरून ते गेलं आणि तळ्यावर आपटून परत आलं. साहेबांच्या हातून तोफ निसटता निसटता राहिली. आणि अण्णा, तो आवाज माझा नव्हता. तो तुमचा होता. तीच शेवटची ओढ, तोच मध्ये फुटणारा घसा. माझ्या तोंडातून तुम्ही ओरडलात. थवा फाटल्यासारखा वर गेला. एवढ्यावर निभावलं असतं. पण पलीकडच्या ज्वारीतून कुणीतरी जबाब दिला, तसाच लांबलचक, आणि मी पुन्हा एकदा हाळी दिली. मग काय, त्या रानात डबा वाजला, पुढच्या रानात कुत्री भुंकायला लागली, आणि सगळ्या भोरड्या डोंगरापलीकडं निघून गेल्या. आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं.

सगळी डोकी माझ्याकडं वळली. शेवटी साहेबच म्हणाले, "काकू, फुप्फुसं एकदम ठणठणीत आहेत तुमची." लोक हसले, भल्याघरची माणसं होती. पोर हसली नाही. तिचे कान लाल झाले होते, तुमचे व्हायचे तसे. जेवताना ती एवढंच म्हणाली, "आई, एकदा ओरडलीस ते समजू शकते. दुसऱ्यांदा कशाला?" मी म्हटलं, "अगं, रीत असते ती. जबाब आला की द्यावीच लागते." ती म्हणाली, "उद्या संध्याकाळी तू तंबूत बस." मला माझ्याच लेकीनं वॉर्डाबाहेर काढलं.

शनिवारची सकाळ मात्र छान गेली. तंबूत झोप चांगली लागते, हे मी तुमच्या जावयांना मुद्दाम सांगितलेलं नाही. धुकं होतं, चिखलाचा आणि कुजलेल्या गवताचा वास होता, मला तो आवडला. शेकाट्या बघितल्या, लांब लाल काड्यांसारखे पाय, पाण्यात अशा जपून चालतात की लुगडं भिजेल की काय. खंड्या एका वाळक्या दांडीवर बसून राहिला होता, किती वेळ कोण जाणे, आणि मग त्यानं उडी मारून मासा आणला तेव्हा मीच टाळी वाजवणार होते, पण हात आवरले. चिखलात रानमांजराच्या पावलांचे ठसे होते. पोर लोकांना सगळं सांगत होती, हळू, समजावून. तिला इतकं सुंदर बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. मी तिला घरात फक्त उलट बोलतानाच ऐकलं होतं. पण अधूनमधून ती आभाळाकडं बघायची आणि तिचा चेहरा उतरायचा. एकदा उठवलेला थवा वस्तीची जागा बदलतो, असं कुणाला तरी ती म्हणाली. त्यानंतर मला नाष्टा गेला नाही.

उन्हं वर आल्यावर पलीकडचा म्हातारा आला. डोक्याला मुंडासं, हातात गोफण. बांधावरूनच म्हणाला, "काल हितं हाळी कोन देलती?"

पोरीनं माझ्याकडं बोट केलं.

"ह्या माईनं?" तो हसायलाच लागला. "मला वाटलं कुनी म्हातारा हाय. म्हनलं, आपल्या वक्ताचं मानूस दिसतंय. आताची पोरं फटाके फोडत्यात, चमकीच्या फिती बांधत्यात, हाळी कोन देतंय? लई दिसानं आयकली. म्हनून तर जबाब देला."

त्या आवाजाला तो म्हातारा म्हणाला, अण्णा. मी एकटीच नव्हते ऐकणारी. मला इतका आनंद झाला की मी त्याला बसवून दोन कप चहा पाजला आणि पुण्याहून आलेला खाऊही पुढं केला.

पोरीनं मात्र मुद्द्याला हात घातला. म्हणाली, "काका, आज संध्याकाळी तेवढी हाळी देऊ नका. ही लोकं लांबून आलीत."

"आन् माजी जवारी?" म्हातारा म्हणाला. "तुमचे पावने दोन दिसाचे, बाई. मला वरीसभर खायाचंय. त्या पान्यात उतरायच्या आदी माज्या कनसावरून जात्यात. मी गप बसलो तर सकाळी नुसती धाटं ऱ्हातील."

पोरीनं तंबूंकडं बघितलं, मग पलीकडच्या ज्वारीकडं. दोघंही खरे होते, आणि मी दोघांच्या मधल्या बाकड्यावर बसले होते. मग मी म्हटलं, आज राखण मी करते. तोंड उघडणार नाही. थवा झुकला की कापड हलवून उठवायचा, हलक्या हातानं, म्हणजे तो बुजून लांब जाणार नाही, समोर पाणकणसांतच उतरेल. म्हातारा म्हणाला, "माई, तुमाला गप बसता येतंय व्हय?" पोरीनं त्याच्याकडं असं बघितलं, जणू तोच तिचा सख्खा मामा.

संध्याकाळी मी ज्वारीत उभी राहिले. बांधाच्या एका टोकाला म्हातारा उपरणं घेऊन, दुसऱ्या टोकाला मी पोरीची पांढरी ओढणी घेऊन. पाती हातांना कापत होती, ती खाजही मी विसरले होते. टेकाडावर माणसं ठिपक्याएवढी दिसत होती. सूर्य टेकला, आभाळ रिकामं. म्हाताऱ्यानं लांबून हात हलवून विचारलं, काय? मी काय सांगणार? तिथं उभी राहून मला एकच दिसत होतं, पोर पुन्हा कुणाच्या तरी कचेरीत डबा घेऊन निघाली आहे. मी वैजनाथाला बोलले, तुम्हाला बोलले. आणि आपण जुन्या सवयीनं डोंगराकडं बघतोय, आणि त्या मात्र पाठीमागून आल्या. डोक्यावरून अशा गेल्या की पंखांचा वारा लागला. कणसांवर झुकल्या. मी ओढणी हलवली, पलीकडून उपरणं हललं, आणि सगळा थवा उचलला गेला, पाण्यावर गेला, वळला, पुन्हा वळला. गुलाबी पोटं उन्हात चमकली. तोंडातून काही निघू नये म्हणून मी ओढणीचं टोक दातांत धरून ठेवलं होतं.

तेव्हा मला आठवलं. तुम्ही मला रागावलात त्याच दिवशीची रात्रीची जेवणं. आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, मी भिंतीकडं तोंड करून फुगून बसले होते. तुम्ही पिठल्यात भाकरी चुरता चुरता आईला म्हणालात, "तुजी लेक भोरड्या बघत बसती." आई म्हणाली, "मग? ल्हान हाय ती." तुम्ही पाणी प्यालात आणि म्हणालात, "बघन्यासारक्या हायेतच म्हना." एवढं मी कसं विसरले? रागावणं तेवढं लक्षात ठेवलं आणि हे टाकून दिलं. त्या संध्याकाळी ज्वारीत उभं राहून ते वाक्य मला तुमच्याच आवाजात ऐकू आलं, घास तोंडात असल्यामुळं जरा जाड. भोरड्या पाणकणसांत उतरल्या, सगळ्या, आणि इतका कलकलाट झाला की मी मोठ्यानं रडले तरी कुणाला कळलं नसतं. पण रडू आलं नाही. फार बरं वाटत होतं.

टेकाडावरून टाळ्या ऐकू आल्या. साहेबांनी पुढच्या महिन्यात त्यांच्या मित्रांना आणायचं कबूल केलं आणि आणखी दोघींनी तारखा विचारल्या. पोर धावत बांध ओलांडून आली, चिखलात गुडघ्यापर्यंत बुडालेली, आणि तिनं मला मिठी मारली. आमच्यात मिठीची पद्धत नाही, त्यामुळं माझ्या हातातली ओढणी, तिचा चिखल आणि ज्वारीची पाती सगळं एकात एक झालं. म्हातारा म्हणाला, "आता कनसं मोडू नका म्हंजी झालं."

रविवारी निघताना पोर मोबाईल काढून म्हणाली, आई, ती आजोबांची हाळी परत दे ना, मी भरून ठेवते. मी दिली. नुसती सिस्टर ओरडली. पुन्हा दिली, तीच सिस्टर. पोर म्हणाली, जाऊ दे, पुढच्या हिवाळ्यात. मी हो म्हटलं.

हे कागद मी कुठं पाठवणार नाही, आणि तिच्या हाती लागणार नाहीत याची काळजी घेईन. त्याचं कारण तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. आपल्या रीतीत हाळी एकदाच. जबाब आला की आपण गप राहायचं, आता थवा पुढच्याच्या नावावर, हे तुम्हीच शिकवलंत. म्हाताऱ्यालाही ते ठाऊक होतं. मी जीपमध्ये बसताना तो मला हळूच म्हणाला, "माई, जबाब आलता की. मंग दुसरी कावून देली?" मी म्हटलं, तोंडातून निघून गेली. पण तोंडातून निघाली ती पहिली, अण्णा. दुसरी मी समजून-उमजून दिली. समोर पोरीचं पहिलं शिबिर होतं, तिचा चेहरा मला दिसत होता, आणि तरी दिली. तुम्हाला आणखी एकदा ऐकायचं होतं.